सात आकड्यांचे दहा झाले तेव्हा

मोंटाना राज्याला एकच एरिया कोड आहे, चारशे सहा. राज्य महाराष्ट्राहून मोठं, पण कोड सगळ्यांना मिळून एकच. लोक तो टोपीवर छापून घेतात, ट्रकच्या मागच्या काचेवर चिकटवतात. मी इथल्या एका छोट्या टेलिफोन कंपनीत इंजिनिअर म्हणून लागले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात कळलं की गावात पूर्ण नंबर कुणी सांगतच नाही. नंबरातल्या सात आकड्यांपैकी पहिले तीन सगळ्यांचे सारखेच, म्हणून फक्त शेवटचे चार सांगायचे. हार्डवेअरच्या दुकानदाराने मला चार आकडे सांगितले आणि मी पुढच्यांची वाट बघत पेन धरून उभी राहिले. तो म्हणाला, "संपला."

माझी कॉलेजातली मैत्रीण टेक्सासमधल्या प्लेनो शहरात असते. तिला हे सांगितलं तर ती हसतच सुटली. "यार, आमच्याकडे शेजारच्या घरी फोन करायचा तरी दहा आकडे. तू कुठल्या काळात जाऊन राहिलीस?"

"जिथे माझ्यावाचून फोन लागत नाहीत तिथे," मी म्हटलं. अतिशयोक्ती होती, पण फार नाही. कंपनीत आम्ही अकराजण होतो आणि एक्स्चेंजमधलं मशीन पूर्ण कळणारी मी एकटी.

मग हुकूम आला की सात आकडी फोन बंद होणार. गावातल्या गावातसुद्धा एरिया कोड धरून दहा आकडे लावायचे. कारण असं होतं की, जगणं नकोसं झालेल्या माणसाला ताबडतोब कुणाशी तरी बोलता यावं म्हणून देशभर एक तीन आकडी नंबर ठरला होता, नऊ-आठ-आठ. आमच्या राज्यात काही ठिकाणी साधे सात आकडी नंबरही नऊ-आठ-आठनेच सुरू व्हायचे. कुणी नऊ-आठ-आठ दाबलं तर मशीनने लगेच जोडून द्यायचं, की आणखी चार आकड्यांसाठी थांबायचं? अशा फोनवर थांबून चालणार नव्हतं. म्हणून सगळ्यांनीच दहा आकडे लावायचे.

आमचा मॅनेजर मूळचा लाइनमन. तीस वर्षं खांबांवर चढलेला, आता गुडघे गेल्यामुळे खुर्चीत बसलेला. तो म्हणाला, "सगळ्यांना एक पत्र पाठवू. झालं."

"नाही होणार," मी म्हटलं.

माझे वडील अमरावतीला टेलिफोन खात्यात होते. तिथे सगळ्या नंबरांच्या आधी दोनचा आकडा लागला, ते दिवस मला चांगले आठवत होते. पेपरात जाहिरात येऊनही महिनाभर लोक घरी येऊन विचारत होते, "साहेब, आमचा फोन बंद पडलाय का?" पण मला काळजी माणसांची नव्हती. मी मॅनेजरला म्हटलं, "माणूस चुकला तर रेकॉर्डिंग ऐकेल आणि परत लावेल. मशीन परत लावणार नाही. गोठ्यातलं पाणी गोठलं की आपोआप फोन करणारे अलार्म, आगीचे अलार्म, मदत बोलवायला म्हाताऱ्यांच्या गळ्यात असतात ती बटणं, या सगळ्यांत सात आकडे भरलेले आहेत. तारीख उलटली की ती सगळी मुकी होतील, आणि गरज पडेपर्यंत कुणाला कळणारही नाही."

त्याने गुडघा चोळला. मग म्हणाला, "ट्रक घेऊन जा. पण अशी मशीन कुणाकडे आहेत, हे तुला कोण सांगणार?"

ते सांगणारी बाई आमच्याच ऑफिसात होती. पुढच्या काउंटरवर बसायची, साठीची, आणि तीन पिढ्यांची दुखणी तिला तोंडपाठ. मी मनातल्या मनात तिला काकू म्हणायचे. तिने गावाची डिरेक्टरी काढली. वहीएवढी जाड. पेन्सिलीने एकेका नावापुढे खूण करत गेली. "याचं हार्टचं ऑपरेशन झालंय. हिची मुलगी दूर असते, बटण नक्की असणार. याच्याकडे गुरांच्या पाण्याचा अलार्म आहे, पण तो म्हणेल नाही. तू शेडमध्ये जाऊन बघ." दुपारपर्यंत बासष्ट खुणा झाल्या.

घरोघरी निघण्याआधी मात्र हॉलमध्ये गावाची सभा घ्यावी लागली. मी पुढे उभी राहून नियम सांगितला. गावात फोन करताना आधी एक लावायचा नाही, शून्य लावायचं नाही, सरळ चारशे सहा आणि पुढे नेहमीचे सात. पोलीस आणि ॲम्ब्युलन्सचा नंबर आहे तोच. काही महिने जुनी आणि नवी, दोन्ही पद्धती चालतील, मग ऑक्टोबरात जुनी बंद. माझं इंग्रजी त्यांच्यासारखं नाही, पण मी सावकाश बोलते आणि मला माझं काम येतं. त्यामुळे अशा सभांची मला भीती वाटत नाही.

लोक चिडले होते. कॅफे चालवणारी बाई उठून म्हणाली, "म्हणजे त्या एका नंबरसाठी मी दिवसभर प्रत्येक फोनला तीन आकडे जास्त दाबायचे?"

"हो," मी म्हटलं.

हॉलमध्ये कुजबुज झाली. मागे भिंतीला टेकून एक शेतकरी उभा होता. टोपी हातात. तो फार मोठ्याने बोललाच नाही, त्यामुळे ऐकण्यासाठी सगळे गप्प झाले. "माझ्या भावाने त्या नंबरवर फोन केला असता की नाही, मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण मला तीन आकडे जास्त दाबायला काही होत नाही."

कॅफेवाली खाली बसली. नंतर प्रश्न आले ते फक्त कसं करायचं याचे.

बासष्ट घरं मी दीड महिन्यात संपवली. रोज शंभर-दीडशे मैल, त्यातले निम्मे खडीच्या रस्त्याचे. बहुतेक ठिकाणी दहा मिनिटांचं काम आणि अर्ध्या तासाची कॉफी. अडला तो एकच माणूस.

तो पंच्याऐंशीच्या पुढचा होता. गावापासून चाळीस मैलांवर एकटा राहायचा. मोबाइलला तिथे रेंज नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक पांढरा डबा, आणि त्याच्याशी जोडलेलं बटण त्याच्या गळ्यात. बटण दाबलं की तो डबा चार मैलांवरच्या शेजारणीला फोन लावणार आणि आत भरून ठेवलेला निरोप ऐकवणार. मी काय करायला आले ते सांगितलं आणि डब्याकडे वळले, तर तो वाटेत येऊन उभा राहिला.

"हात लावायचा नाही."

"सर, नंबर बदलला नाही तर हा चालणार नाही."

"चालतोय तो."

"आज चालतोय. ऑक्टोबरनंतर चालणार नाही."

"मग ऑक्टोबरनंतर बघू." त्याने दार उघडून धरलं.

मी रागावूनच परत आले. ऑफिसात येऊन काकूंना म्हटलं, "हट्टी म्हातारा आहे. पडेल तेव्हा कळेल."

काकूंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "तो डबा त्याच्या बायकोने लावलाय. दोन वर्षं झाली तिला जाऊन. आतला आवाज तिचा आहे."

मला माझीच लाज वाटली. मी बासष्ट घरांत मशीन बघितली होती, पण एकाही घरात आत काय भरलंय ते ऐकलं नव्हतं.

मी त्या मॉडेलची माहिती शोधली. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालेली. एका जुन्या मॅन्युअलची प्रत मिळाली, त्यात लिहिलेलं होतं ते मला नकोच होतं. नंबर बदलायचा तर सगळं पुसावं लागतं, निरोपासकट. म्हणजे म्हाताऱ्याची भीती खरी होती.

आठवड्याने मी पुन्हा गेले. या वेळी डब्याकडे गेलेच नाही. टेबलाशी बसले आणि त्याला सरळ सांगितलं, "मला माहीत नव्हतं. मागच्या वेळी मी चुकीचं बोलले."

त्याने दुसरा कप काढला.

मग मी सांगितलं की जुन्या पद्धतीने फोन लावला तर काय होईल. "सात आकडे लागले की आमच्याकडचं रेकॉर्डिंग वाजणार. ते माझ्याच आवाजात आहे. मी म्हणणार की हा नंबर असा लागत नाही. आणि इकडून तुमच्या मिसेस मदत मागत राहणार. मी त्यांना नाही म्हणत राहणार, आणि त्यांना ते ऐकू येणार नाही. मला हे नकोय."

त्याने खिडकीबाहेर बघितलं. बाहेर वाळलेलं गवत आणि तारांचं कुंपण, बाकी काही नाही. मग म्हणाला, "पुसलं जाणार ना पण?"

"जाणार. म्हणून आधी मी तो काढून घेणार. तुम्ही बटण दाबायचं. फोन शेजारणीऐवजी माझ्या टेस्टच्या मशीनवर येईल. मी तो रेकॉर्ड करणार, दोन ठिकाणी. तुम्ही स्वतः ऐकून हो म्हणाल तेव्हाच डब्याला हात लावणार. मग नंबर बदलून तोच आवाज परत भरणार."

"जमेल तुला?"

"जमेल," मी म्हटलं. आणि मला खरंच खात्री होती. या कामात मला जी काही अक्कल आहे, ती अशाच गोष्टींची आहे.

त्याने बटण दाबलं. माझ्या मशीनच्या स्पीकरमधून एका बाईचा आवाज आला. खणखणीत, घाईचा. ती कुठलं घर ते सांगत होती. याला मदत हवी आहे, दार उघडंच असतं, कुत्रा चावत नाही. मग थोडी शांतता, आणि तीच बाई कुजबुजत, "आता हे बंद कसं करायचं?" आणि मागून याचाच आवाज, "लाल दाब. लाल." तिथे संपलं.

म्हाताऱ्याने डोळ्यांवर हात धरला होता. मला वाटलं रडतोय. हात खाली घेतला तर हसत होता. "दोन वर्षांत मी हे ऐकलंच नव्हतं," तो म्हणाला. "दाबलं तर ती बिचारी शेजारीण धावत येईल म्हणून कधी दाबलंच नाही. परत लाव."

मी पाच वेळा लावलं. मग डबा पुसला, दहा आकडे भरले, आणि माझा स्पीकर त्याच्या छोट्याशा माइकशी धरून निरोप परत भरला. पहिल्यांदा फार हळू आला. दुसऱ्यांदा घरघर आली. तिसऱ्यांदा जमला. मूळ आवाजाइतका ठसठशीत नव्हता, शेजारच्या खोलीतून कुणी बोलावं तसा येत होता. पण शब्द न् शब्द कळत होता. "लाल दाब" मी कापू का, असं विचारलं.

"अजिबात नाही," तो म्हणाला.

निघण्याआधी आम्ही शेजारणीला सांगून ठेवून खरा फोन लावला. तिने पलीकडे सगळा निरोप ऐकून घेतला. मग म्हणाली, "मला सांगायचं तरी की ती बोलणार आहे." पण आवाजावरून वाटलं, तिला बरंच वाटलं असावं. मूळ रेकॉर्डिंग मी एका छोट्या प्लेअरवर घालून म्हाताऱ्याला नंतर पोचवलं. लाल बटण कुठलं ते त्याला दाखवायची गरज पडली नाही.

ऑक्टोबरातल्या ठरलेल्या दिवशी सकाळी आम्ही मशीनमधले नियम बदलले. मॅनेजर शेजारी उभा होता, काकूंनी डोनट आणले होते. पहिल्या तासाभरात माझं रेकॉर्डिंग शेकड्याने वाजलं. दुकानात गेले की लोक म्हणायचे, "अच्छा, मला फोनवर नाही म्हणणारी तू!" बासष्टपैकी एकाही घरातून तक्रार आली नाही. ते मी मोजलं होतं, आणि मैत्रिणीला फोन करून सांगितलंही. ती म्हणाली, "कॉन्फिडन्स बघा बाईचा." मी म्हटलं, आहेच.

जानेवारीत तो म्हातारा घर आणि गोठ्याच्या मधे बर्फावरून घसरला. कंबरेचं हाड मोडलं. त्याने बटण दाबलं. शेजारीण वीस मिनिटांत पोचली, त्याच्यावर घोंगडी टाकून शेजारी बसून राहिली, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. तिनेच मला हे किराणा दुकानात सांगितलं, भाज्यांच्या रांगेत उभी राहून. "फोन उचलला आणि तिचा आवाज ऐकला," ती म्हणाली, "तर पायांत बूट घालायच्या आधी मी गाडीत होते. मोजे घालून चालवली मी गाडी."

मी त्याला हॉस्पिटलात भेटायला गेले. पांढऱ्या चादरीत तो फार लहान दिसत होता. आम्ही टेलिफोनबद्दल काहीच बोललो नाही. तो मला अमरावतीला बर्फ पडतो का, विचारत होता. नाही पडत म्हटल्यावर त्याला वाईट वाटलं, माझ्यासाठी.

वसंतात तो वॉकर घेऊन घरी परतला. मुलगी म्हणत होती माझ्याकडे चल, पण ऐकलं नाही. एप्रिलमध्ये त्याचा ऑफिसला फोन आला, लाइनवर खरखर येते म्हणून. मी ट्रक काढला. घराबाहेरच्या पेटीत उंदराने वायर कुरतडली होती. वायर बदलली, पेटीचं भोक बुजवलं, लाइन तपासली. तो व्हरांड्यात उभा राहून बघत होता आणि नवी जन्मलेली वासरं कुठली कुणाची ते मला सांगत होता. अर्ध्या तासाचं काम होतं. मी दोन तास थांबले.