जड उचलायचं नाही

लातूरच्या दवाखान्यातून सुट्टी देताना डॉक्टरबाईंनी बजावलं होतं, "नुसतं पडून राहू नका. रोज थोडं थोडं चाला. लघवी रोखतो तसे खालचे स्नायू आवळायचे, सोडायचे. सध्या जड मात्र काही उचलायचं नाही." दहा दिवसांची लेक घेऊन मी कंधारजवळच्या माहेरी आले. आईला हे काही पटेना. "सव्वा महिना बाजेवरून उठायचं न्हाई," ती म्हणायची. मी तिच्याशी भांडून अंगणात फेऱ्या मारायचे.

घरी धुणं-भांडी करायला, पाणी भरायला नवीनच लावलेली एक बाई यायची. वयानं माझ्याहून जरा लहान. एक दिवस घागर कमरेवर घेऊनच ती थांबली.

"ताई, काय करायलाव?"

मी शाळेत शिकवते. तिलाही तसंच सगळं समजावून सांगितलं.

"आन् जड उचललं तर काय हुतं?"

"अंग बाहेर येतं, म्हणजे पिशवी खाली सरकते."

तिनं कमरेवरची घागर सावरली. तेव्हा माझं लक्ष तिच्या पोलक्याकडे गेलं. ते दुधानं भिजलं होतं.

"तुझं लेकरू केवढंय गं?"

"तुमच्या पोरीच्या आधी चार दिस झालंय. सासूपाशी ठिवलंय."

घागर खाली ठेव, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "मग जपून कर." आणि माझी फेरी पुरी केली. ही गेली तर रोजची दुपटी कोण धुणार, हे तेव्हा माझ्या मनात आलं होतं. खोटं कशाला सांगू? दुसऱ्या दिवसापासून ती आली की मी घरात जायचे. ती ओली बाळंतीण आहे, हे आईलाही सांगितलं नाही.

आठवड्यानं ती दारातच बसली. "ताई, खाली काहीतरी उतरल्यावानी वाटतंय." मी शिकलेली, मला कळेल म्हणून ती मला विचारत होती.

लेक आईपाशी ठेवून मी तिला रिक्षानं कंधारच्या दवाखान्यात नेलं. वाटेत सासूकडून घेतलेलं तिचं बाळ माझ्या मांडीवर होतं. तपासून झाल्यावर तिथल्या डॉक्टर चिडल्या, "ओल्या बाळंतिणीला पाणी भरायला कुणी लावलं?"

तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "घरचंच काम हाय, बाई."

मी बाळाचं टोपडं नीट करत राहिले.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई कळशी घेऊन स्वतःच पाण्याला गेली.

दोन दिवसांनी मी तिच्या घरी गेले. मला बघताच ती चहा ठेवायला उठली. "नको, पडून राहा," म्हटलं तरी ऐकेना. शेवटी हाताला धरून तिला बसवलं आणि म्हणाले, "मला माहीत होतं, तरी मी तुला थांबवलं नाही."

"जाऊ द्या, ताई," ती म्हणाली, "पोरगी झोपू देती का न्हाई?"

दुखणं सुरुवातीलाच कळलं म्हणून विश्रांतीनं आणि व्यायामानं तिला उतार पडला, पण बरेच महिने गेले. आमच्याकडे ती परत कामाला आली नाही. तिला बोलावणं धाडायचं तोंड आमच्यापैकी कुणाला नव्हतं.