शेवळं डोंगरावरचीच हवीत

डॉक्टरांनी गोळ्यांसोबत रोज तासभर झाडांत घालवायला सांगितलं, तेव्हापासून बायको माझ्या मागेच लागली आहे. आज तिने हातात पिशवी दिली. "शेवळं आणा, पण डोंगरावरून." मी सरळ पनवेलचा बाजार गाठला.

त्या रानभाजीचा उग्र वास नाकात शिरला आणि मी पुन्हा शाळकरी पोर झालो. आईनेही एकदा बाबांना आणि मला शेवळांसाठी असंच डोंगरावर पिटाळलं होतं. कानाशी डास, पायांना चिखल, आणि बाबा मात्र प्रत्येक झाडाखाली थांबत होते. ऑफिसातून आल्यावर घरात ताट आपटणारा हा माणूस मला पाखरांचे आवाज काढून दाखवत होता. मला फक्त घरी जायचं होतं.

परतलो, तर पातेल्यात शेवळांची भाजी तयार.

"बाजारातून आणलीस? मग आम्हाला कशाला पिटाळलंस?" मी चिडलो.

दारात शेजाऱ्यांशी हसत बोलणाऱ्या बाबांकडे बघत आई म्हणाली, "आज ताट आपटणार नाहीत. गप जेव."

"घ्या दादा, ताजी हायत," भाजीवालीच्या आवाजाने मी भानावर आलो.

मी जुडी उचलली. सकाळी मीच आपटलेला चहाचा कप आठवला. जुडी खाली ठेवली आणि कुरकुरत डोंगराची वाट धरली.