हाफ पँटचं वय

सौसरच्या त्या खाजगी शाळेत पोरांसाठी एक जुना नियम होता. पाचवीपर्यंत हाफ पँट, सहावीपासून फुल पँट. चंद्रकला सोमकुंवरच्या पोराला, अंकुशला, हा नियम कधी बोचला नाही. बोचला तो चंद्रकलेला.

चंद्रकला अंगणवाडीत सहायिका होती. सकाळभर परक्या लेकरांची नाकं पुसायची, त्यांना खिचडी भरवायची. नवरा शालिकराम नगरपालिकेत नळ सोडायचा. माणूस कमी बोलणारा, पण दोन गोष्टींत कडक. पोरांची शाळा चुकायला नको आणि अंगावरचा कपडा मळका दिसायला नको. हे त्याला बापाकडून आलं होतं. बाप दुसऱ्याच्या वावरात मजुरी करायचा, पण पोराचा सदरा रोज धुवायचा, तांब्यात निखारे घालून त्याच्यावर फिरवायचा आणि मगच त्याला शाळेत धाडायचा. आपल्याला नावं ठेवायला लोकांना कारण लागत नाही, मग आपण आणखी एक कशाला द्यायचं, असं म्हणायचा. सासऱ्याचं हे बोलणं चंद्रकलेनं लग्न होऊन आली तेव्हापासून ऐकलं होतं, आणि ते तिच्या हाडीमाशी मुरलं होतं. अंकुशची पँट इस्त्रीशिवाय कधी घराबाहेर गेली नाही.

अंकुश तिसरीत असताना त्याच्या गुडघ्यावर पांढरा ठिपका दिसला. गजकर्ण असेल म्हणून तिनं मलम चोळलं. ठिपका गेला नाही, वाढला. मग दुसऱ्या पायावर आला, नडगीवरून खाली उतरला. शेजारणी म्हणाल्या, मासोळी खाऊन दूध पाजलं असशील. एकीनं सांगितलं, जामसांवलीच्या मारुतीला ने. शालिकरामच्या घरात देवाधर्माचं ते चालत नव्हतं, त्यानं नागपूरची बस धरली.

नागपूरच्या डॉक्टरनं पोराचे पाय दिव्याखाली पाहिले आणि कोड आहे म्हणून सांगितलं. हे कुणाला लागत नाही, खाण्यापिण्यानं होत नाही. औषध देतो. सकाळचं कोवळं ऊन लागू द्या, पोराला झाकून-झाकून ठेवू नका.

"पण जाईन ना साहेब?" शालिकरामनं विचारलं.

"काहींचं जातं. तुमच्या पोराचं जाईलच असं मी सांगत नाही."

परतीच्या बसमध्ये चंद्रकलेच्या मनात हे शेवटचं वाक्य तेवढं राहिलं. आधीची सगळी गळून पडली.

शाळेतल्या पोरांनी मात्र फार मनावर घेतलं नाही. अंकुशच्या बाकावर सागर नावाचा पोरगा बसायचा. त्यानं एक दिवस बोटानं त्या डागाची कड गिरवली आणि म्हणाला, "हा तं नकाशा हाय बे!" झालं, तेव्हापासून अंकुशचं नाव 'नकाशा' पडलं. कबड्डीत त्याला धरायचं तर पोरं ओरडायची, "नकाशा पकड, नकाशा!" घरी येऊन तो मोठ्या बहिणीला, स्नेहाला, पाय दाखवायचा. "ताई, पाहा, इकडून श्रीलंका तुटून राहिली." स्नेहा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. ती पोट धरून हसायची. चंद्रकला चुलीपाशी बसून ऐकायची, आणि तिला वाटायचं, आपल्या पोराला आपली थट्टा चाललेली कळतसुद्धा नाही.

अंकुश पाचवीत गेला त्या उन्हाळ्यात रामाकोन्याला दिलेली नणंद आली. तिनं स्नेहासाठी पांढुर्ण्याचं एक स्थळ आणलं होतं. पोरगा बँकेत लागलेला, घर चांगलं. चहा पिता पिता तिची नजर अंगणात खेळणाऱ्या अंकुशच्या पायांवर गेली.

"चंद्रकला, हे असं उघडं घेऊन फिरते तो गावभर?"

"शाळेचा नियम हाय बाई. पाचवीपर्यंत हाफ पँट."

"नियम गेला खड्ड्यात. उद्या ते लोक पोरगी पाहाले येतीन. भावाले हाय तं पोरीलेही होईन, असंच म्हणतीन ना? स्नेहाचं जमेपर्यंत पोट्ट्याचे पाय झाकून ठेव. मंग त्याले नाचव बिनापँटचा."

चंद्रकलेला ते पटलं. खरं म्हणजे ते तिच्याच मनात होतं, नणंदेनं फक्त बोलून दाखवलं.

शाळा उघडल्यावर ती मोठ्या मॅडमला भेटली. मॅडमनं आधी नाहीच म्हटलं. एकाला दिलं की सगळे मागतात. मग चंद्रकलेनं डागांचं सांगितलं.

"पोरं चिडवतात का त्याला?" मॅडमनं विचारलं.

"पोरं नाई चिडवत. लोकं पाहतात."

मॅडमनं वहीत त्याचं नाव लिहून घेतलं. "बरं. त्याच्यापुरती परवानगी देते. वर्गात बाईंना सांगून ठेवीन, म्हणजे कोणी विचारणार नाही."

चंद्रकलेनं निळं कापड आणून दोन फुल पँट शिवून घेतल्या. अंकुशनं घालून पाहिली. आरशात पाहून आधी तो खूश झाला, मग म्हणाला, "आई, वर्गात मी एकटाच?"

"एकटा तं एकटा. साहेब दिसून राहिला."

वर्गातल्या बाईंनी जे केलं ते चांगल्या मनानंच केलं. अंकुशला उभं करून त्यांनी मुलांना सांगितलं की याला एक आजार आहे, म्हणून हा फुल पँट घालणार, याला कोणी काही बोलायचं नाही. तोवर तो नकाशा होता. त्या दिवसापासून तो आजारी झाला. पोरांनी घरी जाऊन सांगितलं, घरच्यांनी आणखी काही सांगितलं. आठवड्याभरात सागरच्या आईनं आपल्या पोराचा बाक बदलून घेतला. कोणी चिडवलं नाही, कोणी नकाशा म्हटलं नाही. कबड्डीत तो चढाईला गेला की समोरची पोरं नुसती बाजूला व्हायची. त्याला कोणी धरेचना. तो रेघेला हात लावून परत यायचा, जिंकून, आणि खाली मान घालून उभा राहायचा.

"आई, मले हाफ पँटच दे," तो म्हणू लागला. "सगळे घालतात. मले काही वाटत नाई."

"तुले वाटत नाई, मले वाटते."

एक दिवस सकाळी तो जुनी हाफ पँट घालून दप्तर घेऊन दारापर्यंत गेला. चंद्रकलेनं त्याला दंडाला धरून मागं ओढलं, पँट बदलायला लावली, आणि त्याच दुपारी कपड्यावर भांडी देणाऱ्या बाईला त्याच्या सगळ्या हाफ पँट देऊन टाकल्या.

पुढं हिवाळ्यात ते झालं. मोठ्या वर्गातल्या दोन पोरांनी पैज लावली होती, डाग वरपर्यंत गेले की नाही याची. मधल्या सुट्टीत त्यांनी अंकुशला संडासात गाठलं. एकानं हात धरले, दुसऱ्यानं पँट ओढली. दाराशी बाकीची पोरं गोळा झाली, त्यात त्याच्या वर्गातलीही होती. अंकुश ओरडला नाही. सोडल्यावर पँट वर घेतली, बटण तुटलं होतं म्हणून हातानं धरली, आणि दप्तर तिथंच टाकून भर दुपारी बाजारातून तसाच चालत घरी आला. चंद्रकलेला हे सगळं नंतर, तुकड्या-तुकड्यानं, दुसऱ्यांकडून कळलं. त्यानं स्वतः आजपर्यंत एक शब्द सांगितला नाही.

त्या दिवसापासून तो पँट काढेना. तीच घालून झोपायचा, आंघोळही तीच घालून करायचा आणि ओलीच अंगावर वाळवायचा. जांघेत कातडी सोलून निघाली तरी मलम लावू देईना. शाळेचं नाव काढलं की भिंतीकडं तोंड करून बसायचा. शालिकरामनं आयुष्यात पोरावर हात उचलला नव्हता, त्यानं एक दिवस फाडकन मारली. अंकुश रडलासुद्धा नाही. शालिकराम बाहेर गेला आणि ओट्यावर आपलाच हात धरून बसला.

मोठ्या मॅडम म्हणाल्या, "त्या दोघांना आम्ही घरी बसवलं होतं, समज दिली. पण खरं सांगू का ताई, तुम्ही वेगळी पँट मागितली नसती तर हे एवढं झालं नसतं."

चंद्रकलेला फार काही बोलायचं होतं. आजार आहे म्हणून कोणी सांगितलं, दाराशी उभी होती ती पोरं कोणाची. पण मॅडमचं म्हणणं खोटंही नव्हतं. ती उठून आली.

अशात पांढुर्ण्याची मंडळी आली. नणंदेनं दिवस पक्का करून टाकला होता. पोराचे वडील दादाराव, त्यांची बायको आणि पोरगा. स्नेहानं पोहे आणले, बोलणं चांगलं झालं. अंकुश आतल्या खोलीत होता, मध्ये नुसता पडदा. दादारावांनी कप खाली ठेवला.

"तुमचा लहाना कुठं हाय? त्याले काही झालं म्हणतात."

शालिकरामनं बायकोकडं पाहिलं. चंद्रकला म्हणाली, "काही नाई जी. मामाकडे गेला तो, मोहगावले."

पडद्यामागं काहीच आवाज झाला नाही. खोकलासुद्धा नाही.

आठ दिवसांनी नकार आला. डागाचं काही नव्हतं, पण तुम्ही लपवलं, असा निरोप होता. खरं काय होतं कोण जाणे. लोकांना नकाराला कारण चांगलं लागतं. स्नेहाला तेव्हा कळलं की हे सगळं तिच्या नावानं चाललं होतं. ती आईसमोर उभी राहून म्हणाली, "मी सांगितलं होतं का तुले? माझ्या भावाले झाकून माझं लग्न करत होती तू?"

अंकुश त्या भांडणाच्या मधोमध बाहेर आला. किती दिवसांनी त्याचा आवाज घरात निघाला.

"आई, मले मामाकडेच पाठव."

मामानं जूनमध्ये त्याला मोहगावच्या सरकारी शाळेत सहावीत घातलं. तिथं सगळ्यांनाच फुल पँट, त्यामुळं कोणी काही विचारलं नाही. अंकुश रोज शाळेत जातो, अभ्यासात बरा आहे, असं मामा सांगतो. मित्र कोणी नाही, पण भांडणही नाही. उन्हाळ्यात जीव जातो अशा उन्हातही तो बाह्या मनगटापर्यंत बंद ठेवतो. हातावर किती आलं ते मामीलाही माहीत नाही. औषध बंद आहे, कारण औषध लावायला कपडा काढावा लागतो.

चंद्रकला रविवारी त्याला भेटायला जाते. मागच्या खेपेला तिनं त्याच्या आवडीची पाटोड्यांची भाजी नेली होती. तो जेवत होता, ती समोर बसून बोलत होती, सौसरचं काहीबाही. बोलता बोलता तिला दिसलं की त्याच्या खालच्या ओठाच्या कडेला पांढरं आलं आहे. तांदळाच्या दाण्याएवढं. तिथं घालायला जगात कुठला कपडा नाही. ती बोलायची थांबली.

अंकुशनं मान वर केली. आई कुठं पाहते आहे ते त्याला लगेच कळलं. त्यानं डावा हात उचलून तोंडावर आडवा धरला.

"राहू दे रे बाबू," ती म्हणाली. "माह्यापुढं तं राहू दे."

त्यानं हात काढला नाही. हाताच्या आडूनच घास घेत, घाईनं, तो जेवण संपवू लागला.