खाच मारलेली तार

दादा माझा कामातला जोडीदार, वयाने चार वर्षं मोठा. बावीस वर्षं आम्ही एकत्र वायरिंग केलं. त्याने आवळलेला स्क्रू पुन्हा आवळावा लागत नसे. केबल टाकली की आतल्या दोन तारा तो मीटरने तपासायचा आणि त्यांतल्या एकीच्या दोन्ही टोकांना सुरीने बारीक खाच मारायचा. त्यावरून सगळे त्याला खाचेदादा म्हणत. रेझिस्टरचं मूल्य आम्ही त्याच्यावरच्या रंगपट्ट्यांवरून नुसतं वाचायचो. तो प्रत्येक रेझिस्टर मीटरने मोजून घ्यायचा. मी म्हणायचो, काटेकोर माणूस.

त्या शीतगृहात नऊ खोल्या होत्या. नऊ तापमापक एकाच केबलवर, एकापुढे एक, आणि लाइनच्या दोन टोकांना एकेक रेझिस्टर. सगळे आकडे कंट्रोल रूममध्ये दिसायला हवे होते. फोरमनने मला आधीच ऐकवलं होतं, "म्हातारा फार वेळ घेतो. हे काम अडलं तर त्याच्या हातातली हत्यारं काढून घेणार."

म्हणून दादा पाणी प्यायला गेला तेव्हा मी हातभार लावला. पाचव्या खोलीच्या पेटीत आलेल्या केबलची टोकं नव्याने सोलली. खाचेपाशी तार तुटते, हे माझं जुनं मत. खाचेचा तुकडा कापून टाकला. दादा परत आला तो फोरमनला मागे घेऊनच. टोकं पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि मुकाट्याने जोडली.

लाइन चालू केली. पहिले चार आकडे आले. पाचवीपासून पुढे एकही नाही.

फोरमन खाली तपासायला गेला. मी पाचवी पेटी उघडली. लाल तारेच्या जागी हिरवी जोडलेली.

"दादा, डोळे घरी विसरलास का? लाल कुठली ते दिसत नाही?"

"नाही."

"थट्टा पुरे."

"दोन्ही सारख्याच दिसतात. लहानपणापासून."

बावीस वर्षं या माणसाच्या खांद्याला खांदा लावून मी काम केलं होतं.

"वहिनींना माहीत आहे?"

"माझे शर्ट कोण निवडतं असं वाटलं तुला?"

"मग मीटर का नाही लावलास?"

"फोरमन मागे उभा होता. रंग समोर असताना मीटर कशाला, असं विचारलं असतं तर काय सांगू?"

फोरमन जिना चढून आला. मी म्हणालो, "टोकं मी कापली. चूक माझी."

दादाने मला बाजूला केलं. "साहेब, मला लाल-हिरवं ओळखता येत नाही. कधीच आलं नाही."

फोरमन पेटीकडे बघत राहिला. "मग इतक्या वर्षांची कामं?"

"चालू आहेत. जाऊन बघा."

मी तारांची अदलाबदल केली. नऊही आकडे आले.

दुसऱ्या दिवसापासून दादाला केबल ओढायला लावलं आणि जोडणी माझ्याकडे दिली. मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही.