सरळ जावा की

२००९ च्या पावसाळ्यात, एका बुधवारी सकाळी, विलासचे वडील आबा कोल्हापुरातल्या घरातून चालत बाहेर पडले आणि परत आले नाहीत. विलास तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या नेट कॅफेत नवा व्हिडिओ चढवत बसला होता. त्या काळात एक छोटा व्हिडिओ इंटरनेटवर चढायला अख्खी सकाळ जाई.

विलासला ओळखत नाही असा माणूस तेव्हा जिल्ह्यात सापडणं कठीण होतं. नव्वदच्या दशकात तो लग्नांचं शूटिंग करायचा. मंडपापेक्षा पंगतीत जास्त रमायचा. रुसलेला मामा, तिसऱ्यांदा जिलेबी नको म्हणत ताट पुढे करणारे व्याही, असे तुकडे जोडून तो केबलवर दाखवू लागला. पुढे मोबाइल आले. दुकानदार मेमरी कार्डात गाण्यांबरोबर त्याच्या क्लिपा भरून देऊ लागले. मग त्याच क्लिपा इंटरनेटवर गेल्या आणि दुबईतल्या मराठी पोरांचे ‘आणखी टाका’ असे निरोप येऊ लागले.

नवी क्लिप तो आधी चहाच्या गाड्यावर नेई. मोबाइल कुणाच्या तरी हातात देई आणि स्वतः त्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसे. मी तेव्हा तिथल्या दैनिकाचा बातमीदार; एकदा स्क्रीनकडे वाकलो, तर म्हणाला, “तिकडं काय बघतायसा साहेब? त्यात काय हाय ते मला ठावं हाय. गड्याचं तोंड बघा की.” गडी हसला नाही, तर क्लिप तिथल्या तिथे पुसून टाकायचा. “हसला त्यो आपला पावणा. न्हाय हसला, तर चूक आपली,” असं त्याचं ठरलेलं वाक्य होतं.

आबा बिद्रीच्या साखर कारखान्यातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे गृहस्थ. एका दुपारी ते दाढी करून घरी आले आणि दारात उभ्या असलेल्या विलासलाच त्यांनी विचारलं, “पावणं, माझं घर कुठं हाय वो?” विलासच्या हातातला कॅमेरा चालू होता. त्याला वाटलं, आबा चेष्टा करताहेत. तो म्हणाला, “सरळ जावा की! घर आपूआप येतंय.” आबांनी मान डोलावली आणि ते खरंच सरळ पुढे चालू लागले. गल्ली खो खो हसली. विलासनं हात धरून माघारी आणलं तेव्हा आबाही हसले.

विलासच्या सगळ्या क्लिपांत हीच सर्वांत जास्त पाहिली गेली. रिक्षावाल्याला पत्ता विचारला तरी “सरळ जावा की!” असं उत्तर मिळू लागलं. विलासनं आबांना घेऊन आणखी क्लिपा केल्या. प्रत्येकीत आबा घर विचारत.

त्याच्या आईला ते पसंत नव्हतं. “त्येंचं इसारणं जगाला दावू नगंस,” ती माझ्यासमोरच म्हणाली.

“आई, ॲक्टिंग करत्यात गं. माझ्यापरीस भारी हाईत.”

“काल मला म्हणालं, बाई, तुमी कुणाच्या? तवा कुठं हुता तुझा कॅमेरा?”

दुसऱ्याच दिवशी विलासनं आबांना डॉक्टरकडे नेलं. विसरण्याच्या त्या आजाराचं नाव त्यानं तिथे पहिल्यांदा ऐकलं. त्यानंतर आबांवर त्यानं एकही क्लिप केली नाही. जुन्या त्यानं इंटरनेटवरून काढल्या. लोकांच्या मोबाइलमधल्या काढणं त्याच्या हातात नव्हतं.

आबा घरातून बाहेर पडले त्या दिवशीच पोलिसांत तक्रार झाली. गुरुवारी विलास स्वतः कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. “आबा खरंच हरवल्यात. दिसलं तर बसवून ठेवा. मला फोन करा.” फोन दिवसभर वाजत होता. “इलासराव, सरळ जावा म्हणावं की!” एवढं बोलून माणसं हसत फोन ठेवत. काहीजण पुढचा भाग कधी, म्हणून विचारत. दुसऱ्या व्हिडिओत त्याला रडू आवरलं नाही. त्याखाली एकानं लिहिलं, ‘आजवरची सगळ्यात भारी ॲक्टिंग.’ आमच्या दैनिकात आबांचा फोटो आणि बातमी छापून आली, तर ही जाहिरात आहे का, असं विचारणारे फोन आले.

शनिवारी राधानगरी गाडीचा कंडक्टर सापडला. “स्टँडवर पोरांनी फोटो काढलं आन् गाडीत बसवलं. घरला जायचंय म्हणत हुते. आबांस्नी तिकीट कसलं मागायचं?” राधानगरीच्या अलीकडे एका फाट्यावर ते उतरले होते.

फाट्यावर एका बाईंचं चहाचं दुकान होतं. विलासला पाहताच त्या ओळखून हसल्या. त्यानं आबांचं विचारलं. “आलते की. हितंच हुबं हुते, भिजल्याले. माझं घर कुठं हाय म्हणाले. आमी समदी हसलो. मीच म्हणलं, सरळ जावा की. तर मला हात जोडलं आन् गेले.” विलासनं वळून सरळ वाटेकडे पाहिलं. बाईंचं हसू गेलं. “खरंच इचारत हुते व्हय?”

“व्हय, मावशी.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. विलास म्हणाला, “रडू नगासा. तुमास्नी मीच शिकिवलं.”

तिथून सरळ जाणारी वाट जंगलात शिरत होती. गावकऱ्यांनी आणि पोलिसांनी पावसातच शोध घेतला. काही मिळालं नाही. विलासनं त्यानंतर व्हिडिओ केले नाहीत.

ओळख न पटलेले मृतदेह पाहण्यासाठी पोलिसांनी त्याला त्या वर्षी दोनदा बोलावलं. दोन्ही वेळा मी बरोबर होतो. दोन्ही वेळा ते आबा नव्हते. दुसऱ्या वेळी तो बाहेर आला, पायात चपला घातल्या, आणि पुन्हा आत जाऊन त्यानं शिपायाला विचारलं, “ह्यास्नी कोण नेणार?”

“कोण न्हाय. ठेवायची मुदत संपली की आमीच उरकतो.”

मुदत संपली त्या दिवशी विलास स्मशानात हजर होता. आपल्या बौद्ध घरच्या रीतीप्रमाणे त्यानं मेणबत्ती लावली आणि त्रिसरण म्हटलं. मृताची ओळख पटली नाही.