मागच्या सीटला सलाम

आमच्या सोसायटीच्या फाटकातून ती लांबलचक सेडान आत आली, की वॉचमन शिंदे उठून सलाम ठोकतात, तोही मागच्या काचेकडे बघून. अशा गाडीतले साहेब मागेच बसतात, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. मागे असतो सीटबेल्ट लावलेला तबला-डग्गा. गाडी चालवत असते तिसऱ्या मजल्यावरची पंचविशीतली मुक्ता.

मीही तिला एकदा म्हणालो होतो, "ही तर रिटायर झालेल्यांची गाडी."

"हिच्यात तबला आदळत नाही, काका. आणि कार्यक्रमाला पोचते तेव्हा माझे हात ताजे असतात."

सुखाचंसुद्धा आपण वय ठरवून टाकतो. आरामखुर्ची पेन्शननंतर, ऐसपैस गाडी केस पिकल्यावर. तोवर कंबर कुरकुरायला लागलेली असते.

काल तिने फाटकाशी गाडी थांबवली. "काका, मंडईपर्यंत सोडू?"

मी सवयीने मागचं दार उघडलं. तिथे तबला ऐटीत बसलेला.

"पुढे या ना," मुक्ता हसली.

मी तिच्या शेजारी बसलो. उघड्या दारातून तबला पाहिलेल्या शिंद्यांनी पहिल्यांदाच पुढे, थेट मुक्ताकडे बघून सलाम ठोकला. तो माझ्यासाठी नव्हता, याचं मला फार बरं वाटलं.