वेशीवरचे पंख

जामखेडच्या पुढे, खडकाळ मुलखात, त्या गावाची दगडी वेस होती. कमानीवर एक प्राणी कोरलेला. अंग सिंहाचं, पाठीला दोन पंख, आणि मांजराने उंदीर धरावेत तसे चारही पंजांत चार हत्ती. गाव त्याला नुसतं ‘वेशीवरचा’ म्हणे. पोळ्याला गावातला प्रत्येक बैल त्याच्या खालून जायचा. जो गेला नाही त्याला वर्षभर राखण नाही, अशी समजूत.

नृसिंह गुरुजींना मात्र त्या पंखांची लाज वाटे. ते शाळेचे हेडमास्तर, नगरला जाऊन चित्रकलेच्या परीक्षा देऊन आलेले. डोळ्यांना दिसतं तेच काढा, असं ते मुलांना बजावत. पंचेचाळीस साली शाळा तपासणारे सरकारी अधिकारी, दीपोटीसाहेब, आले आणि निम्म्या पाट्यांवर पंखांचा सिंह निघाला.

“काय हो मास्तर, तुमच्याकडचे सिंह अंडी घालतात वाटतं?”

साहेब हसले, मागे उभा असलेला शिपाईही हसला. गुरुजींच्या कानांच्या पाळ्या तापल्या, त्या वर्षभर निवल्या नाहीत.

पुढच्या साली गावाने वेशीला चुना द्यायचं ठरवलं. काम भिमाजी पाथरवटाकडे आलं. दुपारी वेशीत कोणी नाही असं पाहून गुरुजी त्याच्यापाशी गेले.

“भिमाजी, चुना नीट बसव. आणि ते पंख तासून टाक.”

“पंख? का वं?”

“सिंहाला कुठे पंख असतात? घडवणाऱ्याने सिंह पाहिलेलाच नसणार.”

भिमाजी हसला. “गुर्जी, तुमचं सोताचं नाव अर्ध्या मान्साचं न् अर्ध्या शिव्हाचं. त्येला कुनी चूक म्हंत न्हाई.”

पण गुरुजींचा शब्द तो कसा मोडणार? संध्याकाळपर्यंत पंख उतरले, वर चुना बसला. जुना थर खरवडताना दगड निखळला असेल, असं म्हणून गाव हळहळलं आणि गप्प बसलं.

पावसाळ्यात नवे दीपोटीसाहेब आले. त्यांनी शाळेच्या आधी वेस पाहायला मागितली. पाटील आप्पासाहेब, चार शेतकरी, भिमाजी, सगळे कमानीखाली जमले.

“याला शरभ म्हणतात,” साहेब सांगू लागले. “आपल्याकडे किल्ल्यांच्या दरवाजांवर असतो. इराणच्या जुन्या राजवाड्यांत पंखांचे सिंह आहेत. ग्रीकांनी त्याला गरुडाची चोच दिली. चीनमध्ये राजांच्या थडग्यांपुढे पंखांची जनावरं बसवलेली आहेत. या लोकांना सिंह ठाऊक नव्हता असं नाही. राखणीला नुसता सिंह पुरेना, म्हणून त्यांनी त्याला पंख दिले.” मग त्यांनी मान वर केली. “अरे, याचे पंख?”

आप्पासाहेबांनी भिमाजीकडे पाहिलं.

“गुर्जींनी सांगितलं हुतं,” भिमाजी म्हणाला.

सगळ्यांच्या नजरा गुरुजींवर आल्या.

“मी चुना नीट बसव म्हणालो होतो,” ते म्हणाले.

“गुर्जींच्या नावावर खपवतो व्हय रं?” आप्पासाहेब भिमाजीवर कडाडले, आणि तिथल्या तिथे ठरलं. ह्या पोळ्याला भिमाजीचे बैल वेशीखालून जाणार नाहीत.

त्यानंतर रस्त्यात गाठ पडली की भिमाजी पूर्वीसारखाच बाजूला होऊन रामराम घाली. तो रामराम गुरुजींना शिवीसारखा लागे. शाळेत ‘खरे बोलावे’ हा धडा आला, तो त्यांनी मुलांनाच वाचायला लावला.

पोळ्याच्या दिवशी झुली घातलेले बैल वेशीबाहेर उभे राहिले. दगड वाहून खांदे सोललेली भिमाजीची जोडी ओढ्याच्या अंगाला, एकटी. शिंगांना त्याने लाल हिंगूळ मात्र लावला होता. गुरुजी वेशीच्या ओट्यावर चढले.

“पंख मी तासायला लावले. भिमाजी खरं बोलला होता, खोटं मी बोललो.”

मग म्हाताऱ्या छबूबाईने कानशिलावर बोटं मोडली. “बघा गं बया, गरिबापायी गुर्जी सोताच्या अंगावर घेत्यात.”

“आप्पासाहेब, मी खरंच सांगतोय.”

“तुमचं मन लई मोठं हाय, गुर्जी,” आप्पासाहेब हात जोडून म्हणाले. “पन त्याच्या चुकीवर पांघरून घालू नका. वाजवा रं.”

हलगी वाजली आणि पहिला बैल कमानीखाली शिरला. गुरुजी ओट्यावरून उतरून भिमाजीकडे गेले.

“मी सांगितलं सगळ्यांना.”

“ऐकलं की.” भिमाजी बैलाच्या झुलीची गाठ आवळत होता. “सायबापुढं बोलला असता तर पटलं असतं. आता तुमी देव झाला, न् मी खोटा तो खोटाच.”

गुरुजींनी एका बैलाचा कासरा हातात घेतला. भिमाजीने धराही म्हटलं नाही, सोडाही म्हटलं नाही. दोघे वेस सोडून ओढ्याच्या वाटेने घराकडे निघाले. वेशीपाशी बायकांनी पाहिलं आणि हात जोडले.

“देवमानूस हाय,” छबूबाई म्हणाली, चांगलं ऐकू येईल एवढ्याने.

गुरुजींनी मान वर केली नाही. बैल ओढ्याच्या पाण्यात शिरले, तसे तेही वहाणांसकट शिरले.